नवा फोन हातात आला तरी जुना सोडू नका: फोन बदलताना कोणतं काम कधी करायचं

गेल्या दिवाळीत आमच्या मजल्यावरच्या काकूंनी नवा फोन घेतला. दुकानातल्या मुलाने अर्ध्या तासात सगळं ‘सेट’ करून दिलं, जुना फोन एक्स्चेंजमध्ये ठेवून घेतला आणि तिथल्या तिथे रिसेट केला. घरी येऊन काकूंनी व्हॉट्सॲप उघडलं. नंबर तोच, ग्रुप तेच, पण चॅट एकही नाही. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी मंडईतून, बँकेतून पाठवलेले आवाजातले मेसेज त्या चॅटमध्ये होते. ‘अगं, मेथी चांगली नाहीये, शेपू आणू का?’ असले दहा-बारा सेकंदांचे मेसेज. ते परत मिळाले नाहीत.

मला कळलं तिसऱ्या दिवशी. काकूंचा बॅकअप खरं तर होता. पण नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू करताना ‘रिस्टोअर’ विचारलं जातं, तिथे त्या मुलाने घाईत ‘स्किप’ दाबलं होतं. दोन रात्री मध्ये गेल्या. व्हॉट्सॲपचा आपोआप होणारा बॅकअप रात्री दोनच्या सुमाराला होतो आणि नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो. म्हणजे रिकाम्या चॅटचा बॅकअप भरलेल्या चॅटवर बसला. जुना फोन हातात असता तर त्यातून सगळं काढता आलं असतं. तो नव्हता.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत आता फोन बदलायचा झाला की बरेच जण आधी मला विचारतात. चुका ठरलेल्या आहेत आणि जवळजवळ सगळ्या क्रमाच्या आहेत. कामं सगळे करतात, पण पाचवं आधी आणि दुसरं नंतर. म्हणून हा क्रम. मुख्यतः अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणाऱ्यांसाठी लिहिला आहे, आयफोनचं जिथे वेगळं आहे तिथे सांगितलं आहे. तयारीला एक संध्याकाळ धरा, बदलायला अर्धा दिवस, आणि जुना फोन पंधरा दिवस घरात.

## फोन मागवण्याआधी ठरवायच्या तीन गोष्टी

एक्स्चेंज घ्यायचं का? ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये नवा फोन घेऊन येणारा माणूस जुना फोन दारातच घेऊन जातो, तोही रिसेट केलेला. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून काम करायला वेळच मिळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: तुमचे बँकेचे व्यवहार, चॅट आणि फोटो एकाच फोनवर असतील तर एक्स्चेंज घेऊ नका. फोन नंतर विका, थोडे पैसे कमी आले तरी चालतील. एक्स्चेंज घ्यायचंच असेल तर टप्पा १ ते ३ अजिबात न गाळता आदल्या दिवशीच पुरे करा, आणि बॅकअप दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडून डोळ्यांनी बघा.

कोणता दिवस? पुण्यात गुरुवार धरू नका. देखभालीच्या कामासाठी महावितरणची वीज बहुतेक गुरुवारीच जाते. वीज गेली की राउटर बंद, आणि सात-आठ जीबीचा बॅकअप निम्म्यावर अडकतो. दुसरा आणि चौथा शनिवारही नको, कारण बँका बंद असतात. बँकेचं ॲप अडलं तर त्याच दिवशी शाखेत जाता आलं पाहिजे. मंगळवार-बुधवारची सकाळ सगळ्यात चांगली. दसऱ्याला किंवा पाडव्याला फोन घेतला असेल तर त्या दिवशी पूजा करा, पेढा ठेवा आणि डबा तसाच बंद ठेवून सवडीच्या दिवशी उघडा.

सिम तेच राहणार का? याचा लोक विचारच करत नाहीत. सिम बदललं, हरवलेल्याच्या जागी नवं घेतलं किंवा साध्या सिमचं ई-सिम (फोनच्या आतच असणारं, कार्ड नसलेलं सिम) केलं, की पुढचे २४ तास त्या नंबरवर एसएमएस येतही नाहीत आणि जातही नाहीत. सिम बदलून होणारी फसवणूक थांबवण्यासाठी दूरसंचार विभागाने हा नियम केला आहे. त्या २४ तासांत ना बँकेचा ओटीपी येणार, ना यूपीआयची नोंदणी होणार. म्हणून शक्य असेल तर आहे तेच सिम उचलून नव्या फोनमध्ये घाला. ई-सिम हवंच असेल तर ते आधी करून घ्या, एक दिवस जाऊ द्या, जवळ रोख पैसे ठेवा आणि मगच यूपीआयला हात लावा. उलट क्रमाने केलंत तर यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागू शकते.

## टप्पा १: वहीचं एक पान

फोन बाजूला ठेवा, वही घ्या. पुढच्या गोष्टी हाताने लिहा.

१. तुमचे मोबाइल नंबर, आणि कोणत्या बँकेला कोणता नंबर जोडलेला आहे. दोन सिम असणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

२. फोनवर असलेली सगळी गूगल खाती, पूर्ण पत्त्यासह. सेटिंग्जमध्ये खात्यांची यादी दिसते. खूप जणांकडे दोन असतात: एक स्वतःचं, आणि एक कधीतरी मुलाने किंवा दुकानदाराने काढून दिलेलं, ज्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही.

३. व्हॉट्सॲपचा बॅकअप कोणत्या खात्यात जातो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, मग ‘चॅट बॅकअप’, तिथे खाली खातं लिहिलेलं असतं. नव्या फोनवर ‘बॅकअप सापडला नाही’ असं आलं तर निम्म्या वेळा कारण इतकंच असतं की बॅकअप एका खात्यात आहे आणि नव्या फोनवर दुसरंच खातं घातलंय.

४. व्हॉट्सॲपचा सहा अंकी पिन, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं असेल तर. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला असेल तर तोही. तो पासवर्ड विसरलात तर बॅकअप व्हॉट्सॲपवाल्यांनाही उघडता येत नाही. आठवत नसेल तर जुना फोन चालू आहे तोवर बदलून घ्या.

५. डिजिलॉकरचा सहा अंकी पिन.

६. दोन्ही फोनचे आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. डायलरवर *#०६# दाबलं की पंधरा आकडे दिसतात. नव्याचा डब्यावरही छापलेला असतो.

यूपीआय पिन आणि एटीएमचा पिन या पानावर लिहू नका. ते डोक्यातच राहू द्यात.

तपासा: पासवर्ड ‘आठवतोय’ म्हणजे झालं असं धरू नका. दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर खासगी विंडो उघडून प्रत्येक गूगल खात्यात एकदा शिरून बघा. उघडलं तरच त्यापुढे बरोबरची खूण करा.

सेकंडहँड फोन घेणार असाल तर पैसे देण्याआधी त्याचा आयएमईआय तपासा. इंग्रजीत केवायएम लिहा, एक जागा सोडा, पंधरा आकडे लिहा आणि १४४२२ वर एसएमएस करा. सरकारच्या ‘संचार साथी’वरही हे बघता येतं. चोरीला गेलेला म्हणून तो फोन ब्लॉक झालेला असेल तर तिथेच कळतं.

## टप्पा २: जुन्या फोनमधलं सगळं बाहेर काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘गूगलवर सगळं असतंच की’ या भरवशावर लोक इथेच फसतात.

जागा आहे का ते आधी बघा. गूगल खात्यात १५ जीबी फुकट मिळतात आणि त्यात जीमेल, फोटो, ड्राइव्ह आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप असं सगळं बसवायचं असतं. १ जून २०२१ पासून फोटोही या हिशोबात धरले जातात. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि थांबल्याची सूचना आपण न वाचता पुसून टाकलेली असते. बॅकअपची तारीख वाचा. काकूंच्या बहिणीच्या फोनवर ती आठ महिन्यांपूर्वीची होती. जागा कमी असेल तर एक-दोन महिन्यांपुरती जास्तीची जागा विकत घ्या, किंवा व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज’मध्ये जाऊन ‘सुप्रभात’चे व्हिडिओ काढून टाका.

नंबर. काही नंबर सिमवर, काही फोनवर, काही गूगलवर असे विखुरलेले असतात. कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये सिममधले नंबर आयात करायची सोय असते, ते गूगल खात्यात आणा. ‘डिव्हाइस’वर साठवलेलेही तिथेच हलवा. मग कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा आणि पाच नावं शोधून बघा: घरचा डॉक्टर, दूधवाला, प्लंबर, गावाकडचे एखादे नातेवाईक आणि सोसायटीचा वॉचमन. पाचही सापडली तर पुढे चला.

फोटो. गूगल फोटोज सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड केलेल्या प्रती त्यात येत नाहीत. बॅकअपच्या सेटिंगमध्ये डिव्हाइसमधल्या फोल्डरांची यादी असते, तिथे ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ आणि हवे ते बाकीचे फोल्डर स्वतः सुरू करावे लागतात. नातवाच्या बारशाचे फोटो बहुतेकांकडे व्हॉट्सॲपवरच आलेले असतात, म्हणून हे विसरू नका. ‘लॉक्ड फोल्डर’मध्ये काही ठेवलं असेल तर त्याचा बॅकअप चालू आहे का ते वेगळं बघा, नसेल तर ते फोटो बाहेर काढा.

सावधान: बॅकअप झाला म्हणून जुन्या फोनमधले फोटो गूगल फोटोज उघडून एकेक पुसत बसू नका. तिथे पुसलेला फोटो खात्यातूनही जातो. साठ दिवस तो ट्रॅशमध्ये असतो, त्यानंतर कायमचा जातो. जुना फोन रिकामा करायचं काम शेवटी रिसेट करतो, आपण हाताने काही पुसायचं नसतं.

व्हॉट्सॲप. ‘चॅट बॅकअप’मध्ये जाऊन ‘बॅकअप’ दाबा. व्हिडिओ हवे असतील तर ‘व्हिडिओंसह’चं बटण आधी सुरू करा, एरवी ते बंद असतं. पूर्ण होईपर्यंत फोन वायफायवर आणि चार्जरला लावून ठेवा. मग तारीख आणि वेळ आजची आहे ना ते वाचा.

याशिवाय मी आणखी एक प्रत काढते, आणि काकूंच्या प्रसंगानंतर तर न चुकता. जुना फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा, ‘अँड्रॉइड’ फोल्डर, त्यात ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर, तो अख्खा कॉम्प्युटरवर उतरवा. फोटो, व्हॉइस मेसेज, पीडीएफ सगळं त्यात असतं. पुढे काहीही बिघडलं तरी आवाज तरी हातात राहतात.

जे आपोआप कुठेच जात नाही ते. डाउनलोड्समधले सातबारा, विमा, लॅबचे रिपोर्ट. कॉल रेकॉर्डिंग आणि व्हॉइस रेकॉर्डर. फोन बनवणाऱ्या कंपनीच्या नोट्स ॲपमधल्या नोंदी. सॅमसंगच्या सिक्युअर फोल्डरमधलं काही. हे पेन ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवा. केबल किंवा सी-टाइप पेन ड्राइव्ह घ्यायला तपकीर गल्लीत जाणार असाल तर जुना फोन बरोबर न्या आणि दुकानातच लावून बघा. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून फाइल जात नाहीत आणि घरी आल्यावर तासभर आपण फोनला दोष देत बसतो.

## टप्पा ३: पैशांची तयारी

छोटा टप्पा आहे, पण गाळू नका.

१. यूपीआय लाइट (पिन न टाकता छोट्या रकमा देण्याची सोय) वापरत असाल तर जुन्या फोनवर ते बंद करा, म्हणजे त्यातली शिल्लक बँक खात्यात परत येते. यूपीआय लाइटमध्ये ५,००० रुपयांपर्यंत रक्कम असू शकते आणि ती त्या फोनशी बांधलेली असते. नंतर मागत बसण्यापेक्षा आधीच काढलेली बरी.

२. बँकेला जोडलेल्या सिमचं रिचार्ज चालू आहे आणि त्यावरून एसएमएस जातो, हे खात्री करून घ्या. घरातल्याच कोणाला तरी एक साधा एसएमएस पाठवून बघा.

३. डेबिट कार्ड शोधून हाताशी ठेवा. मुदत संपलेलं नाही ना, ते बघा.

४. दोन हजार रुपये रोख पाकिटात ठेवा. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले २४ तास बँका मर्यादा कमी ठेवतात, साधारण ५,००० रुपये. आयफोनवर हा काळ जास्तही असू शकतो. घरभाडं, शाळेची फी, दवाखान्याचं डिपॉझिट असलं काही त्या दिवशी ठेवू नका.

५. ऑथेंटिकेटर ॲप (खात्यात शिरताना लागणारे कोड दाखवणारं ॲप) वापरत असाल तर त्यातली खाती क्यूआर कोडने नव्या फोनवर नेता येतात, पण त्यासाठी जुना फोन लागतो. गूगलचे दहा बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा, प्रत्येक कोड आठ अंकी असतो आणि एकदाच चालतो.

## टप्पा ४: नवा फोन पहिल्यांदा सुरू करणं

दोन्ही फोन पूर्ण चार्ज करा. सिम अजून जुन्यातच राहू द्या. नवा फोन घरच्या वायफायवर सुरू करा.

भाषा निवडल्यावर तो विचारतो, दुसऱ्या फोनवरून ॲप आणि डेटा आणायचा का? इथे ‘हो’ म्हणा. ‘डोन्ट कॉपी’ दाबून पुढे गेलेल्यांना नंतर एकेक ॲप शोधत बसावं लागतं. केबल असेल तर केबलनेच करा, वायफायपेक्षा लवकर होतं आणि मधेच तुटत नाही. कंपन्यांची स्वतःची ॲपही आहेत: सॅमसंगचं स्मार्ट स्विच, विवोचं ईझीशेअर, वनप्लस-ओप्पोचं क्लोन फोन. त्याच कंपनीचा फोन घेत असाल तर ती वापरा, सेटिंग्जही बऱ्याचशा तशाच येतात.

गूगल खातं घालताना खात्री पटवण्यासाठी जुन्या फोनवर सूचना येते, ‘तुम्हीच का?’ म्हणून. जुना फोन शेजारी का हवा, ते इथे पहिल्यांदा कळतं. वहीतलं पान बघून तेच खातं घाला. खाती दोन असतील तर दोन्ही घाला.

आयफोनवर जाणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. अँड्रॉइडवरून आयफोनवर व्हॉट्सॲप चॅट न्यायची वाट ॲपलच्या ‘मूव्ह टू आयओएस’ ॲपमधून जाते, आणि ती वाट आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच असते. गूगलवरचा व्हॉट्सॲप बॅकअप आयफोनवर उघडत नाही. हा टप्पा निसटला तर नवा आयफोन पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. त्यात दुसरं काही भरण्याआधी केलंत तर नुकसान नाही.

तपासा: नव्या फोनवर पाच नंबर, दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो आणि डाउनलोड्समधली एक फाइल उघडून बघा. फोटोंची चौकट नुसती दिसली म्हणजे झालं नाही, फोटो मोठा करून बघा.

## टप्पा ५: सिम हलवणं आणि व्हॉट्सॲप

आता दोन्ही फोन बंद करून सिम काढा. दोन सिम असतील तर जी पहिल्या खाचेत होती ती नव्यातही पहिल्याच खाचेत घाला. पुढे बँकेचं ॲप ‘सिम १ की सिम २’ विचारतं तेव्हा चूक होत नाही. जुन्या फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ते आत्ताच काढून घ्या, पुढे विसरतं.

सिमला रेंज आली, एक फोन लावून झाला, एक एसएमएस जाऊन आला, की मगच व्हॉट्सॲप उघडा.

१. नंबर टाका, एसएमएसने आलेला सहा अंकी कोड घाला.

२. चॅट आणायच्या दोन वाटा आहेत. पहिली, जुन्या फोनवरून थेट. नव्या फोनवर क्यूआर कोड दिसतो, जुन्या फोनवर व्हॉट्सॲपच्या ‘चॅट्स’मध्ये ‘ट्रान्सफर चॅट्स’ उघडून तो स्कॅन करायचा. दोन्ही फोनचं वायफाय आणि लोकेशन चालू हवं. दुसरी, गूगलवरच्या बॅकअपमधून ‘रिस्टोअर’.

३. चालू असताना स्क्रीन बंद करू नका, दुसरं ॲप उघडू नका. मोठी चॅट असतील तर तास-दीड तास लागतो.

सावधान: ‘बॅकअप सापडला नाही’ आलं तर ‘स्किप’ दाबू नका. मागे जा, गूगल खातं तपासा, ज्या खात्यात बॅकअप आहे ते फोनवर आहे का बघा. चुकून ‘स्किप’ झालंच तर लगेच, त्याच तासात, व्हॉट्सॲप अनइन्स्टॉल करून पुन्हा घाला, म्हणजे ‘रिस्टोअर’ परत विचारलं जातं. ‘उद्या बघू’ म्हणून झोपलात की रात्री दोनचा बॅकअप येतो.

तपासा: सगळ्यात जुनं, जपून ठेवावंसं वाटणारं चॅट उघडा. अगदी वर जा. एक जुना आवाजाचा मेसेज वाजवून ऐका.

या दिवशी ओटीपी सारखे येतात आणि ‘तुमचा फोन बदललाय, केवायसी करा’ असे फोनही येऊ शकतात. आपण स्वतः सुरू केलेल्या कामाचाच ओटीपी, तोही स्वतःच टाकायचा. कोणी स्क्रीन दाखवायचं ॲप घालायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा.

## टप्पा ६: यूपीआय आणि बँकेची ॲप

एका वेळी एकच ॲप घ्या. पहिलं पूर्ण चालू झाल्यावरच दुसरं.

यूपीआय ॲप सुरू होताना तुमच्या फोनवरून स्वतःच एक एसएमएस पाठवतं. हा सिम याच फोनमध्ये आहे, हे बँक त्यावरून ओळखते. म्हणून इथे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर करा, आणि सिम निवडायला आलं की वहीतलं पान बघून बँकेला जोडलेलाच नंबर निवडा. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा तीनदा ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ दाखवत आले. त्यांच्या बँकेचा नंबर दुसऱ्या सिमवर होता आणि त्या सिमचं रिचार्ज दिवाळीतच संपलेलं होतं.

फोन बदलला म्हणून यूपीआय पिन बदलत नाही. जुनाच पिन चालतो. ॲप डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे मागत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही ‘पिन विसरलो’ किंवा ‘पिन सेट करा’ दाबलेलं असतं. मागे या आणि शिल्लक बघून जुना पिन चालतो का ते तपासा. तीनदा चुकीचा टाकू नका, बँक त्या खात्याचं यूपीआय एक दिवस थांबवते.

बँकेची ॲपही बहुतेक एका वेळी एकाच फोनवर चालतात. नव्यावर नोंदणी झाली की जुन्यावरचं बंद होतं, त्याला घाबरू नका. एकदा नोंदणी अर्ध्यावर अडली तर लगेच पुन्हा पुन्हा दाबत राहू नका. तासभर थांबा, फोन बंद करून चालू करा, मग परत करा.

तपासा: घरातल्याच एकाला एक रुपया पाठवा आणि त्यांना एक रुपया परत पाठवायला सांगा. दोन्ही झाले की त्या ॲपपुढे खूण.

## टप्पा ७: राहून जाणाऱ्या लहान गोष्टी

मराठी कीबोर्ड सुरू करा. नव्या फोनवर इंग्रजी असतो, फार तर हिंदी. हिंदीवर मराठी लिहिता येतं, पण शब्द हिंदी सुचवले जातात आणि बोलून लिहिताना फारच चुका होतात. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भाषेत ‘मराठी’ जोडा.

कानाचं मशीन, स्मार्टवॉच, ब्लूटूथचं बीपीचं यंत्र हे जुन्या फोनमधून ‘अनपेअर’ करा आणि मग नव्याला जोडा. नाहीतर जुना फोन दुसऱ्या खोलीत चालू असतो, कानाचं मशीन त्यालाच धरून बसतं, आणि नव्या फोनवर आवाज का येत नाही ते कळत नाही.

डिजिलॉकर उघडून एक कागद, समजा लायसन्स, उघडतो का बघा. पुणे मेट्रोचं ॲप आणि ‘आपली पीएमपीएमएल’ उघडून एकदा तिकिटापर्यंत जाऊन या, स्टेशनवर रांगेत उभं राहून ओटीपीची वाट बघायला नको. सोसायटीच्या गेटचं ॲप नव्या फोनवर चालू करा आणि बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमधून त्याला वगळा, नाहीतर पाहुणे गेटवर थांबतात आणि आपल्याला सूचनाच येत नाही. पेन्शनवाल्यांनी चेहऱ्यावरून हयातीचा दाखला द्यायचा असेल तर जीवन प्रमाण आणि त्याला लागणारं आधार फेस आरडी ही दोन ॲप नोव्हेंबरची वाट न बघता आत्ताच घालून ठेवावीत.

अलार्म. औषधांचे अलार्म नव्या फोनवर आले आहेत असं गृहीत धरू नका. एकेक वाचून जुन्या फोनशी जुळवून बघा.

## टप्पा ८: पंधरा दिवस, आणि मग रिसेट

जुना फोन चार्ज करून, सिमशिवाय, कपाटात ठेवा. पंधरा दिवसांत जे काही ‘अरे, ते राहिलंच’ म्हणून आठवेल ते त्यातून काढता येतं. मी आजवर ज्यांचे फोन हलवले त्यातल्या बहुतेकांना पहिल्या आठवड्यात निदान एक तरी गोष्ट लागली. कधी गॅसच्या पुस्तकाचा फोटो, कधी एखादी नोंद.

पंधरा दिवसांनी पुढच्या क्रमाने करा.

१. सेटिंग्जमधून सगळी गूगल खाती काढा. सॅमसंग, शाओमी वगैरे कंपनीचं खातं असेल तर तेही. आयफोन असेल तर ॲपल खात्यातून साइन आउट करा, म्हणजे ‘फाइंड माय’ बंद होतं. हे राहिलं तर फोन पुढच्या माणसाला वापरताच येत नाही आणि तो तुम्हाला फोन करत राहतो.

२. मेमरी कार्ड आणि सिमचा ट्रे उघडून शेवटचं बघा.

३. सेटिंग्जमधल्या ‘रिसेट’मधून ‘सगळा डेटा पुसा’ निवडा. बटणं दाबून बाहेरून रिसेट करू नका, त्या वाटेने केलं की फोन चालू झाल्यावर जुनं खातं मागतो.

४. फोन परत सुरू होऊन भाषा विचारायच्या स्क्रीनवर येऊ द्या. तिथेच बंद करा. पुढे काही भरू नका.

५. नव्या फोनवर गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात ‘तुमची डिव्हाइस’ यादी उघडा. जुन्या फोनचं नाव अजून दिसत असेल तर तिथून साइन आउट करा.

६. विकत असाल तर कागदावर दोन ओळी लिहून घ्या: तारीख, फोनचं मॉडेल, आयएमईआय, घेणाऱ्याचं नाव आणि सही. वहीतलं पान आणि हा कागद एकत्र, नव्या फोनच्या बिलासोबत डब्यात ठेवा. नवा फोन कधी हरवला तर पोलीस तक्रारीला आणि संचार साथीवर तो ब्लॉक करायला याच डब्यातलं बिल आणि आयएमईआय लागतं.